दोन मुलींवर थांबलेली घरे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक प्रश्न ठरलेला असतो. लेकुरवाळ्या बाईला विचारतात, तुम्हाला एकही मूल नव्हते त्या दिवसांत परत जाता आले आणि आयुष्यात किती मुले व्हावीत हे मनासारखे ठरवता आले, तर किती म्हणाल? ती आकडा सांगते. लगेच पुढचा प्रश्न येतो : त्यात मुलगे किती, मुली किती, आणि कितींच्या बाबतीत काहीही झाले तरी चालेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. महाराष्ट्रात आता बहुतेक घरांतून 'दोन' असेच येते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र सगळे घर येऊन उभे राहते. जमीन कोणाच्या नावावर आहे, सासू कोणाकडे राहते, अग्नी कोण देणार, लग्नात किती तोळे घालावे लागतात, दवाखान्यात जायचे तर कोणाला विचारून जायचे, हे सगळे त्या एका उत्तरात असते.

हे पुस्तक या दोन प्रश्नांच्या नात्याविषयी आहे. बाई-पुरुषांविषयी घरात जी समजूत रुजलेली असते, तिच्यावर घराला किती मुले हवीशी वाटतात हे कसे अवलंबून असते, याचा शोध पुढच्या प्रकरणांत आहे. त्यासाठी निवडलेला प्रदेश म्हणजे कृष्णाकाठचा पलूस परिसर आणि त्याच्या आजूबाजूचा सांगली-सातारा. विषय जगभर अभ्यासला गेला आहे, पण तो समजून घ्यायला याहून बोलका मुलूख मिळणे कठीण.

पलूस तालुका गरीब नाही. ऊस आहे, द्राक्ष आहे, भिलवडीचा दूधधंदा आहे, कुंडलचा साखर कारखाना आहे, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी आहे. मुली शाळेत जातात, कॉलेजला जातात, इंजिनिअर होऊन पुण्याला जातात. कुटुंबे लहान झाली आहेत. 2001 ते 2011 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या साडेसतरा टक्क्यांहून अधिक वाढली, तेव्हा सांगली जिल्ह्याची वाढ सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास आणि साताऱ्याची सात टक्क्यांच्याही आत होती. त्यात मुंबई-पुण्याकडे गेलेल्यांचा वाटा आहे, पण पाळणा कमी हलू लागला हेही त्यामागे आहेच. सरकारी कागदावर ही यशाची कहाणी आहे.

त्याच जनगणनेतला दुसरा आकडा वाचला की ही कहाणी अपुरी ठरते. सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 851 मुली होत्या. 2011 साली 867. निसर्गाचा हिशेब साधारण 950 चा असतो. म्हणजे दर हजार मुलग्यांमागे ऐंशीहून अधिक मुली असायला हव्या होत्या आणि नव्हत्या. याच जनगणनेत गडचिरोलीचा आकडा 961 आहे. जिथे पाटाचे पाणी कमी, साखर कारखाना नाही, सोनोग्राफीचे मशीन शोधावे लागते, तिथे मुली आहेत. जिथे सगळे आहे, तिथे मुली कमी आहेत. प्रगती झाली की विचार आपोआप सुधारतात, ही समजूत या दोन आकड्यांनी मोडून टाकली आहे.

असे का होते, ते समजायला थोडे गणित करावे लागते. वाचकाने कंटाळू नये, कारण या विषयाची किल्ली इथेच आहे. कुठल्याही बाळंतपणात मुलगी होण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी असते. घरात किमान एक मुलगा हवाच असे धरून चला. एखाद्या पिढीने पाच मुले होऊ दिली, तर शंभरातल्या तीनपेक्षा कमी घरांत फक्त मुली असतील. तीन मुलांवर थांबायचे ठरवले, तर अशी घरे बारा होतात. दोनवर थांबायचे ठरवले, तर जवळपास चोवीस. आजीच्या काळी मुलग्याची इच्छा निसर्गच पुरी करायचा, फक्त त्यासाठी आजीचे शरीर झिजायचे. नातसुनेच्या काळात दर चार घरांपैकी एका घरात ती इच्छा निसर्ग पुरी करणार नाही, हे ठरलेलेच आहे. इच्छा तशीच राहिली आणि आकडा लहान झाला, की त्या चौथ्या घरावर येणारा दाब कुठेतरी फुटतो. तिसऱ्या, चौथ्या बाळंतपणात फुटतो, किंवा गर्भलिंगनिदानाच्या टेबलावर फुटतो.

लोकसंख्येचे अभ्यासक हे बरीच वर्षे सांगत आले आहेत. मोनिका दासगुप्ता आणि पी. एन. मारी भट यांनी 1997 साली दाखवून दिले की भारतात जननदर घटला तसा मुलींविरुद्धचा भेद अधिक तीव्रपणे दिसू लागला. सीमा जयचंद्रन यांनी हरियाणात लोकांना वेगळ्या रीतीने विचारले : एकूण तीन मुले असतील तर मुलगे किती हवेत, दोन असतील तर किती, एकच असेल तर? एकूण संख्या जशी खाली आली, तसा मुलग्यांचा मागितलेला वाटा झपाट्याने वर गेला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तीस वर्षांत बिघडलेल्या लिंग-गुणोत्तरापैकी एक तृतीयांश ते निम्मा बिघाड केवळ कुटुंब लहान होण्यातून समजावता येतो. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने शेवटच्या अपत्याकडे बोट दाखवले. मुलगा झाला की पाळणा थांबतो आणि मुलगी झाली की चालू राहतो, या सवयीमुळे आईबापांना नको असताना जन्मलेल्या मुलींची संख्या त्या अहवालाने 2 कोटी 10 लाख इतकी मांडली.

या मुलींना साताऱ्यात नाव होते. नकोशी, नकुसा. आता मुली पुरे, पुढचा मुलगा व्हावा, म्हणून पोरीचे नावच तसे ठेवायचे. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव पुकारले जायचे. 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा 285 मुलींची नावे बदलली. काही मुलींनी नवी नावे स्वतः निवडली. या घटनेची बातमी जगभर गेली आणि जायलाच हवी होती. पण तिच्यातला एक धागा सहसा दुर्लक्षिला जातो. नकोशी ही मोठ्या कुटुंबाची लेक आहे. तिला जन्म मिळाला, कारण तिच्या आईबापांची पिढी मुलगा होईपर्यंत थांबत नव्हती. तिच्यानंतरच्या पिढीने कुटुंब आटोपशीर ठेवले आणि नकोशी हे नाव ठेवण्याचीही वेळ येऊ दिली नाही.

5 मार्च 2017 च्या सुमारास मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथे ओढ्याकाठी पुरलेले 19 गर्भ पोलिसांनी बाहेर काढले. आधी मुलगी असलेली एक तरुण आई गर्भपातात दगावली होती, तिच्या मृत्यूच्या तपासातून हे उघडकीला आले. धागेदोरे सीमेपलीकडे कर्नाटकापर्यंत गेले. म्हैसाळ काही पलूसपासून तासाभराहून दूर नाही. त्या बाईचे कुटुंब मोठे नव्हते. तिला मोठे कुटुंब नकोच होते, म्हणून तर ती त्या टेबलावर गेली, किंवा नेली गेली. या दोन क्रियापदांमधले अंतर हेच या पुस्तकाचे खरे क्षेत्र आहे. किती मुले हवीत असे विचारल्यावर 'दोन' म्हणणारी बाई स्वतःचे बोलत असते की घराचे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न आपल्याच कृष्णाकाठी झाला, आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. कॅरोल व्लासॉफ या कॅनेडियन अभ्यासिका 1975 साली सातारा तालुक्यातल्या गोवे गावात आल्या. 1987 साली पुन्हा आल्या आणि 2008 मध्ये पुन्हा. तीन पिढ्यांच्या बायकांशी त्या बोलल्या. एकाच गावाकडे तेहेतीस वर्षांच्या अंतराने असे पाहणे जगात थोड्याच ठिकाणी घडले आहे. त्यांचे पुस्तक 2013 साली आले. त्यांना दिसले ते असे : मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, मुले कमी झाली, पैसा आला. मुलग्याची ओढ मात्र टिकून राहिली. शिकलेल्या मुलीला गावात तिच्या शिक्षणाजोगे काम मिळत नव्हते. उलट घरात पैसा आला की सुनेला शेतावरून घरात आणायचे, ती बाहेर राबत नाही यात प्रतिष्ठा मानायची, असेही घडले. शिक्षण आणि पैसा यांनी कुटुंब लहान केले, पण बाईच्या हाती स्वतःची कमाई आणि निर्णय येईपर्यंत मुलग्याची किंमत उतरली नाही.

त्याच गावात त्यांनी विधवांचाही अभ्यास केला होता. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, हे आपण इतक्या सहजतेने बोलतो की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. व्लासॉफ यांनी तपासले. मुलगा असलेल्या विधवांची आर्थिक स्थिती मुलगा नसलेल्यांपेक्षा आपण समजतो तितकी चांगली आहे, असे काही त्यांना आढळले नाही. मुलग्याचा आधार पैशापेक्षा मनाचा आणि मानाचा होता. ज्या काठीसाठी मुली नाकारल्या जातात, ती काठी प्रत्यक्षात किती वजन पेलते, हे पाहायला कुठल्याही विद्यापीठात जावे लागत नाही. पलूसच्या कुठल्याही गल्लीत आजारी आईला दवाखान्यात कोण घेऊन जाते, इस्पितळात रात्री कोण बसते, फोन कोण करते, एवढे पाहिले तरी पुरे.

तरीही मुलगा हवा, यामागे नुसते मन नाही, जमीनही आहे. हे स्पष्ट बोलले पाहिजे. पाण्याखालच्या जमिनीचा एकर इथे लाखोंच्या भाषेत मोजला जातो. ती जमीन जावयाच्या घरात जाईल, ही भीती बापाच्या छातीवर बसलेली असते. कायद्याने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. महाराष्ट्राने 1994 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, देशाच्या कायद्याने तो 9 सप्टेंबर 2005 पासून दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात उरलासुरला संशयही काढून टाकला. व्यवहारात मात्र बाप गेला की वारस नोंदीच्या वेळी बहिणींना बोलावतात आणि हक्कसोड पत्रावर सह्या घेतात. भावाशी माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. दिवाळीची ओवाळणी आणि सणाची साडी हा त्या सहीचा मोबदला. जी लेक सातबाऱ्यावर कधीच येणार नाही, तिच्यावर घर थांबवायला बाप कचरतो, यात आश्चर्य कसले? हक्कसोड पत्र ही घरापुरती खासगी बाब आहे असे आपण मानतो. माझ्या मते कृष्णाकाठच्या बिघडलेल्या गुणोत्तराचे ते सर्वांत जास्त दुर्लक्षिलेले कारण आहे. गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरला आपण दोष देतो आणि द्यायलाच हवा, पण त्याच्या दारात गिऱ्हाईक पाठवणारा कागद वारस नोंदीच्या वेळी तयार होतो.

मुलग्याच्या या हट्टाविरुद्ध बोलणारी माणसेही याच मुलखाची. नायगाव सातारा जिल्ह्यात आहे, सावित्रीबाई फुले तिथे 1831 साली जन्मल्या. जोतीरावांचे मूळ गाव कटगुणही साताऱ्याचेच. त्या दोघांना मूल झाले नाही. दुसरे लग्न कर म्हणणारे घरातच होते. जोतीरावांनी नकार दिला आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. 1890 साली जोतीराव गेले तेव्हा टिटवे सावित्रीबाईंनी हाती धरले. वंश आणि अग्नी या दोन्ही गोष्टींना त्या जोडप्याने कृतीने उत्तर दिले होते. त्यांच्या जयंतीला गावोगाव मिरवणुका निघतात, पण मुलगी अग्नी देणार असे ठरवणारी घरे अजून बोटावर मोजावी लागतात.

किती मुले व्हावीत हा प्रश्न र. धों. कर्व्यांनी हाती घेतला. त्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यासाठी 1925 साली कॉलेजची नोकरी सोडली, आणि 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यावरचे आंबेडकरांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. ठराव पडला. या मंडळींच्या मांडणीत एक गोष्ट पक्की होती : किती मुले व्हावीत हा आधी बाईच्या देहाचा आणि सुखाचा प्रश्न आहे, देशाच्या तोंडांचा नंतर. आणि हे विचार घरोघरच्या बायकांपर्यंत नेण्याचे काम पलूसच्या अंगणातूनच चालले होते. 'किर्लोस्कर' मासिक 1920 साली, 'स्त्री' 1930 साली आणि 'मनोहर' 1934 साली किर्लोस्करवाडीतून निघाले. नांगर आणि पंप बनवणाऱ्या वसाहतीतल्या छापखान्यातून बाईच्या शिक्षणावर, लग्नावर, नोकरीवर वाद झडत होते आणि अंक आगगाडीने महाराष्ट्रभर जात होते. शेजारच्या कुंडल परिसरात 1943 ते 1946 या काळात स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारने हुंड्याशिवाय, कमी खर्चाची लग्ने लावली. त्यांना गांधी विवाह म्हणत. लेक म्हणजे खर्च, या समजुतीच्या मुळावरच तो घाव होता. या वारशाची पलूसला आठवण करून द्यावी लागते, याचे दुःख होते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने कर्व्यांचे साधन घेतले, विचार मागे ठेवला. कुटुंब नियोजन ही मोजणीची मोहीम झाली. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. आणीबाणीत पुरुषांवर जबरदस्ती झाली, सरकार पडले, आणि त्यानंतर पुरुष या कामातून कायमचे बाजूला झाले. 2019-21 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात विवाहित जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत बाईचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुषाचे ऑपरेशन झालेली जोडपी शंभरात एकही भरत नाहीत, जरी पुरुषाची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी आहे. 'ऑपरेशन केल्यावर त्याला उसाची मोळी उचलवणार नाही' असे सासू म्हणते. बाळंतपण आणि ऑपरेशन झालेली सून त्याच उसात खुरपायला जाते. घराला मुले कमी हवीत यावर नवरा-बायकोचे एकमत असते, त्याची किंमत कोणी मोजायची यावरही एकमत असते, आणि हे दुसरे एकमत मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते.

सरकारने पुढे दोन मुलांचा नियम आणला. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते. 2005 पासून सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वर केलेले गणित आठवा. मुलग्याची इच्छा बदलण्यासाठी काही न करता आकड्यावर कुलूप लावले, की त्या चौथ्या घराचे काय होते? या नियमाने अशा बायकांचेही पद गेले, ज्या सरपंच म्हणून निवडून आल्या होत्या, पण तिसरे मूल होऊ द्यायचे की नाही हे ज्यांच्या हातात नव्हते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. संख्या आटोक्यात ठेवणे चूक आहे म्हणून नव्हे. महाराष्ट्राचा जननदर 1992-93 साली 2.9 च्या जवळ होता, तो 2019-21 मध्ये 1.7 वर आला आहे. संख्येचा प्रश्न संपल्यात जमा आहे. उरला आहे तो मुलीचा.

मुलींसाठीच्या योजना आहेत. 2023 पासूनच्या 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने 1 लाख 1 हजार रुपये मिळतात. गरीब घराला त्याचा आधार होतो, हे खरे. पण पलूसच्या बागायतदाराला लेक नको असते ती या लाख रुपयांअभावी नव्हे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, देशाचा 1994 साली आला. तो कागदावरून जमिनीवर आणायला साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या 'लेक लाडकी' अभियानाने गर्भवती कार्यकर्त्या घेऊन सापळे रचले, साक्षी दिल्या, धमक्या झेलल्या. 2025 साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. लोकसंख्येचा पुरस्कार एका गावाकडच्या वकील बाईला मिळावा आणि तो मुली वाचवल्याबद्दल मिळावा, यात या विषयाचे बदललेले रूप दिसते.

बाहेरच्या जगाने काय दाखवले तेही थोडक्यात पाहू. केरळात कुटुंबे महाराष्ट्राच्या कितीतरी आधी लहान झाली, तरी 2011 साली तिथे हजार मुलग्यांमागे 964 मुली होत्या. कुटुंब लहान झाले म्हणून मुली जाव्यातच असा नियम नाही. दक्षिण कोरियात 1990 साली शंभर मुलींमागे सुमारे 116 मुलगे जन्मत होते. बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत गेल्या, पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी नोंदणीची जुनी पद्धत तिथे 2008 पासून बंद झाली, आणि तोपर्यंत जन्माचे प्रमाण नैसर्गिक झालेले होते. दीड-दोन दशकांत हे बदलता येते, याचा तो पुरावा. पण त्याच कोरियात 2023 साली एका बाईमागे सरासरी 0.72 मूल होते, जगातल्या देशांमध्ये सर्वांत कमी आकडा. बाई बाहेर बरोबरीने कमावू लागली, घरातले सगळे काम मात्र तिच्याच अंगावर राहिले, तर ती एक दिवस मूलच नको म्हणते. ऑस्ट्रेलियन अभ्यासक पीटर मॅकडोनाल्ड यांनी 2000 सालाच्या सुमारास हा सिद्धांत मांडला होता. शाळा आणि नोकरीत समता, घरात विषमता, असे झाले की जननदर फार खाली जातो. पलूसहून पुण्याला गेलेल्या मुलींच्या बोलण्यात याची चाहूल आताच लागते. 'एकच पुरे' असे त्या म्हणतात, आणि त्यामागे बाळाला कोण सांभाळणार याचा पूर्ण हिशेब केलेला असतो. त्या एकामध्ये मुलगी चालेल असे म्हणणारी जोडपीही आहेत. देशभरच्या पाहण्यांत मुलींपेक्षा जास्त मुलगे हवेत असे सांगणाऱ्या बायका 1998-99 मध्ये शंभरात 33 होत्या, 2019-21 मध्ये 15 उरल्या. बदल होतो आहे. तो किती खोल गेला आहे, हे बोललेल्या उत्तरापेक्षा केलेल्या कृतीत पाहावे लागेल.

या पुस्तकात एक गट मुद्दाम वेगळा ठेवला आहे. दर दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड मजूर पलूसच्या फडांत उतरतात. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल जोडीला मिळते. मुलाचे लग्न लवकर झाले की कोयता लवकर तयार होतो, म्हणून मुलीही लवकर दिल्या जातात. 2019 साली या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यापुढे आला. बीडचे 2011 चे गुणोत्तर 807 होते, राज्यात सर्वांत खालचे. आपल्या उसाच्या गोडीसाठी जी बाई फडात राबते, तिला किती मुले हवीत हे तिला आजवर कोणी नीट विचारलेले नाही.

आता या पुस्तकाचे म्हणणे एका ओळीत सांगतो. कुटुंब किती लहान झाले हे पाहून समाज सुधारला असे ठरवू नका, कुटुंब कोणावर थांबले ते पाहा. 'त्यांनी दोन मुलींवर ऑपरेशन केलं' हे वाक्य पलूस भागात आजही कौतुकाने उच्चारले जाते. कौतुकाने म्हणजे अपवाद म्हणून. दोन मुलग्यांवर ऑपरेशन केले, याचे कोणी कौतुक करत नाही. ज्या दिवशी दोन्ही वाक्ये सारख्याच आवाजात बोलली जातील, त्या दिवशी लहान कुटुंब खऱ्या अर्थाने लोकांनी स्वीकारलेले असेल.

वाचकांना दोन कामे सांगायची आहेत. तुमच्या गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना विचारा की गावात दोन मुलींवर थांबलेली घरे किती आणि दोन मुलग्यांवर थांबलेली किती. त्यांना हे तोंडपाठ असते, कुठल्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि तुमच्या घरी वारस नोंदीची वेळ येईल तेव्हा बहिणीपुढे हक्कसोड पत्र ठेवू नका. तिचे नाव सातबाऱ्यावर चढू द्या. पलूसचे गुणोत्तर बदलायचे असेल तर सुरुवात तिथून करावी लागेल.